परक्या हाकेला ओ

गुरुवारी दुपारी डबा खाऊन स्वरूपा दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर निघाली, ती फक्त एक निरोप द्यायला. हिंगोलीहून निघालेल्या सावित्रीबाईंची एसटी नगरच्या पुढे आली आहे, एवढं त्यांच्या मुलाच्या कानावर घालायचं आणि खाली यायचं. मुलाचं नाव गणराज. वय विशी-बाविशीचं, चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. कावीळ अंगावर काढली, ओव्हरटाइम काही सोडला नाही, आणि यकृत कामातून गेलं तेव्हा खोलीतल्या पोरांनी रिक्षात घालून इथं आणलं. डॉक्टरांनी त्या दिवशी सकाळीच मान हलवली होती.

स्वरूपा नर्स नव्हती. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर 'सोबती' असं लिहिलेलं असायचं. आजारी माणसाजवळ बसायचं, तो बोलेल ते ऐकायचं, तो मागेल त्या देवाचं नाव घ्यायचं आणि शेवटची घटका आलीच तर त्याचा हात सोडायचा नाही, हे तिचं काम. परदेशात अशा माणसाला चॅप्लिन म्हणतात, असं प्रशिक्षण देणाऱ्या तनुजा मॅडम सांगायच्या. भोसरीतल्या शेजारणींना मात्र याचं हसू यायचं. "नुसतं बसायचा पगार मिळतो व्हय गं?" असं त्या विचारायच्या. मिळायचा. कंपनीपेक्षा कमीच, पण मिळायचा.

आधी स्वरूपाही निघोज्याजवळच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर होती. कोरोनात नवरा दवाखान्यात गेला तो परत आलाच नाही, आणि तिला दारातून आतही सोडलं नाही. तिथल्या वॉर्डबॉय मामांनी नंतर सहज सांगितलं, "ताई, शेवटपर्यंत तुमच्याच नावानं हाका मारत होते. आम्हाला कुठली सवड?" मामा बिचारे खरं तेच बोलले. पण नवऱ्यानं हाका मारल्या आणि कुणी ओ दिली नाही, हे तिच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. दोन वर्षांनी या प्रशिक्षणाबद्दल कळलं तेव्हा तिनं नोकरीवर पाणी सोडलं. लोक म्हणाले, खुळी झाली. पाठीमागे होती कोण, तर एकटी दिव्या, सहावीतली लेक. आई येईपर्यंत ती घरमालकीण अंबुबाईंकडे थांबायची. स्वरूपाचं सगळं जग म्हणजे ती पोर.

तनुजा मॅडमचा एक नियम फार कडक होता. पेशंट ज्याला हाक मारतो, ते माणूस आपण व्हायचं नाही. "तो 'आई, आई' करत असेल तर विचारा, आईची आठवण येते का? पण आई बनू नका. तुम्ही स्वरूपाच राहा. हे त्याच्यापेक्षा तुमच्यासाठी सांगतेय." वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. वर्गात मान डोलवायला काय जातं!

त्या दुपारी वॉर्डात कसली म्हणून हालचाल नव्हती. पडदे ओढलेले, त्यातून पिवळट उजेड गाळून आलेला. फिनेलच्या वासाखाली दुसराच एक वास होता, पिकून उतरलेल्या फळासारखा. पंखा एका बाजूला थोडा करकरत होता, तेवढाच आवाज. गणराजचे डोळे उघडे होते, हळदीत बुडवून काढल्यासारखे.

"गणराज, तुझी आई निघालीय. येतेच आहे," स्वरूपा म्हणाली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.

"माय..." तो म्हणाला.

"आईची आठवण येते ना?"

"ये माय..."

तिनं पाणी विचारलं. मारुतीचं नाव घेऊ का, म्हणून विचारलं. त्यानं काहीच ऐकलं नाही. डोळे छताला, आणि आवाज दूरच्या शेतातून यावा तसा. "माय... अंधार झालाय गं... हायेस का?" सिस्टर पलीकडच्या खोलीत होती. वॉर्डात त्या हाकेला उत्तर देणारं दुसरं कुणी नव्हतं. स्वरूपाला नवरा आठवला. तोही असाच पडला असेल, असंच छताकडे बघत, आणि सगळ्यांनी कानावर हात ठेवले असतील. तिला ते सोसवलं नाही.

"ओ," ती म्हणाली. "आले रे बाळा."

गणराजनं मान वळवली. आता ते डोळे तिच्याकडे बघत होते.

"आलीस?"

"आले ना."

"आता जायचं न्हाई..."

"नाही जात."

"दुसऱ्या कुनाची व्हायचं न्हाई... माहीच ना?"

"तुझीच," स्वरूपा म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मनातून तिला बरं वाटत होतं. तो हसला. जवळच्या कंपनीचा भोंगा झाला, शिफ्ट सुटली, तेव्हा तो गेलेला होता. त्याची बोटं तिच्या हातावरून सुटेनात. सिस्टरनं येऊन एकेक बोट उकललं.

सावित्रीबाई पोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती. बाई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या आणि समोर आली त्या स्वरूपालाच सांगू लागल्या.

"बाई, फोन आल्ता त्याचा. शिक्रापूरला गाडी चहाला थांबली व्हती तवा. म्या म्हन्लं, आले रे लेकरा. तर म्हन्ला, माय आलीय माही. तुम्ही कोन?"

स्वरूपानं मनात हिशेब केला. शिक्रापूर म्हणजे तासाभराच्या वाटेवर. तेव्हा पोरगा चादरीखाली होता. आणि त्याचा फोन? तो सकाळपासून सिस्टरच्या कपाटात बंद पडलेला होता, चार्जर नाही म्हणून.

ती जिन्यात गेली आणि तिनं अंबुबाईंच्या घरी फोन लावला. उगाच, लेकीचा आवाज ऐकावा म्हणून. दिव्यानंच उचलला.

"दिवू, दूध प्यायलीस का गं?"

पलीकडून लगेच आलं, "कोण बोलतंय?"

"अगं, आई."

"कुणाची?" दिव्यानं विचारलं. थट्टेचा सूर त्यात नव्हता.

फोन अंबुबाईंनी घेतला. भोसरी गाव होतं तेव्हापासूनची ती म्हातारी, आवाजावरून माणसाचा रंग ओळखणारी. "सरूपा, काय झालं? पोर मगाधरनं येगळ्यावानी करतीया. तुजा फोटू बघून ही कोण म्हनली." स्वरूपानं भीत भीत सगळं सांगितलं. म्हातारी एकदम कडाडली.

"मरनाऱ्याला पाणी द्यावं, हात द्यावा. नातं लावून ओ द्यायची न्हाई, येवढं बी ठावं न्हाई तुला? तू त्येची झालीस, तर हितली कुनाची?... ऐक. त्यो तिथनं हलायच्या आत जा. कानाशी लाग आन् नाव घिऊन सांग, मी तुजी आई न्हवं. मोठ्यानं सांग. मनात म्हनून भागायचं न्हाई. गाडी हलली की मग कायबी व्हनार न्हाई."

मागच्या फाटकाशी गाडी लागलेली होती. गणराजला आत ठेवलं होतं आणि सावित्रीबाई त्याच्या उशाशी डोकं टेकून बसल्या होत्या. त्यांचा कान पोराच्या कानाजवळ. स्वरूपा पायरीवर चढली.

"ताई, जरा बाजूला होता का? एक क्षण..."

"न्हाई. आता म्या न्हाई हलायची." बाईंनी डोळे उघडले. "तुम्हीच व्हत्या न्हवं त्याच्यापाशी? खरं सांगा. शेवटाला त्यानं माय म्हन्लं का? का मला इसरूनच गेला?"

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. स्वरूपाच्या ओठांवर ते चार शब्द आले होते. मोठ्यानं म्हटले असते तर लेक सुटली असती. आणि या बाईला कळलं असतं, की पोटच्या पोरानं दुसऱ्याच बाईला माय मानून जीव सोडला. मग तो फोन खरा ठरला असता. हिंगोलीपर्यंतची रात्र आणि पुढचा सगळा जन्म तिनं तेवढं एकच वाक्य उराशी धरून काढला असता. स्वरूपानं प्रेताकडे पाहिलं. मिटलेल्या पापण्या, आणि ओठांवर ते दुपारचं हसू.

"तुम्हालाच हाक मारत होता," ती म्हणाली. "तुम्ही आलात असं वाटलं त्याला. हसत गेला."

"आन् फोन?"

"दुसरंच कुणीतरी असेल हो. राँग नंबर."

सावित्रीबाईंनी तिचे दोन्ही हात कपाळाला लावले आणि मग कुठे त्या ढसाढसा रडल्या. गाडी फाटकाबाहेर पडली. चाकण रस्त्यावरच्या ट्रकांच्या गर्दीत तिचा लाल दिवा बराच वेळ दिसत राहिला.

भोसरीच्या शेअर रिक्षात स्वरूपा देवाचं नाव घेत बसली होती. म्हाताऱ्या माणसांच्या खुळचट समजुती, असंही स्वतःला बजावत होती. गल्लीत शिरली तर तिच्या खोलीत दिवा लागलेला, खिडकीतून लसणाच्या फोडणीचा वास येत होता. अंबुबाई असतील, असं तिला वाटलं. पण अंबुबाई आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. तिला पाहिलं आणि म्हातारीच्या हातातली लसणाची पात खाली पडली.

"तू... मगाशीच आत गेलीस न्हवं का? माज्याशी बोलून?"

स्वरूपा धावली. तिनं कडी वाजवली. दिव्यानं दार उघडलं, अर्धंच. वेणी नीट घातलेली, गालावर पावडर, कुणीतरी प्रेमानं आवरून दिलेली.

"कोण हवंय, काकू?"

"दिवू... अगं, मी..."

पोरीनं तिच्याकडे नीट पाहिलं, परक्या माणसाकडे पाहतात तसं, अगदी सभ्यपणे. मग मान आत वळवून ती ओरडली, "आई, कुणीतरी आलंय गं!"

"ओ," आतून उत्तर आलं. "आले बाळा." भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला, बांगड्या वाजल्या. आवाज स्वरूपाचा होता.

अनोळखी माणसासाठी दार उघडं ठेवायचं नाही, हे दिव्याला आईनंच शिकवलेलं. तिनं दार लोटलं आणि आतून कडी घातली.