नशा : नाही

"काका, मी लिहिलं होतं जी! रोज चार नशेच्या गोळ्या. 'होय'वर खूण माझ्याच हातानं केली होती."

अंबादासनं मान खाली घातली. विनता त्याची सख्खी पुतणी, नेपियर टाउनच्या एका दवाखान्यात नर्स. तिथं हर्नियाच्या ऑपरेशननंतर दिवाकर सुभेदार हा तरुण दगावला. अंगात नशेच्या गोळ्या, वरून वेदनेचं इंजेक्शन, श्वासच थांबला. ऑपरेशनआधी विनतानं भरलेल्या तक्त्यावर मात्र खूण होती, 'नशा : नाही'. तिची नोकरी गेली होती. आता खटल्याची पाळी होती.

अंबादासची मालकीण, खासगी गुप्तहेर शरयू देवपुजारी तक्त्याची प्रत न्याहाळत होती. सोमवार, सकाळी नऊ. खाट सात. खाली विनताची आद्याक्षरं, शेजारी दिवाकरच्या वडिलांची सही.

"विचारलंस तेव्हा वडील होते?"

"नाही. नातेवाइकांना मी बाहेर पाठवते. बापासमोर कोण खरं सांगन? आणि सही मी कोणाची घेतलीच नाही."

पोरगी घाबरून खोटं बोलते आहे, असं अंबादासला वाटलं.

ऑपरेशन करणारे डॉक्टर रामराव घाटे शांत होते. "तक्ता वाचूनच इंजेक्शन दिलं. दुपारी ऑपरेशननंतर त्याला चारवरून सात नंबरच्या खाटेवर हलवलं. संध्याकाळी तिथंच गेला."

अधारतालच्या घरी दिवाकरचे वडील, भय्यासाहेब सुभेदार ताठ बसले होते. "माझ्यासमोर विचारलं तिनं. सकाळीच सही केली मी. माझा मुलगा सुपारीसुद्धा खात नव्हता."

दुसऱ्या दिवशी शरयूनं सगळ्यांना दवाखान्यात बोलावलं.

"सकाळी नऊला दिवाकर चारवर होता. मग सकाळच्या कागदावर खाट सात कशी? हा कागद नंतर तयार झाला. डॉक्टर, तुम्ही मूळ तक्ता वाचलाच नव्हता. दिवाकर गेल्यावर वाचलात, आणि बदललात. नुसत्या खुणा नि दोन आद्याक्षरं, कोणालाही जमतील."

शरयू दिवाकरच्या वडिलांकडे वळली.

"सही मात्र खरी आहे, भय्यासाहेब. म्हणजे ती तुम्ही मुलगा गेल्यावर केलीत."

अंबादासला अर्थ कळायला क्षणभर लागला.

"तो तर गेलाच होता," भय्यासाहेब पुटपुटले. "लोक नशेडी म्हणाले असते. घराण्याचं नाव तरी..."

"आणि या पोरीला काहून बुडवलं?" अंबादास ओरडला.

डॉक्टरांवर खटला झाला. विनता निर्दोष ठरली. मग अंबादास तिच्यासाठी शहरातले दवाखाने पालथे घालू लागला. सगळीकडे चहा मिळाला, नोकरी नाही. शेवटी एका मॅनेजरनं हसत सांगितलंच, "सिस्टर अच्छी है, भैया. पर सब लिख देती है."