हात कुणाचा व्हता

मुंजाबाच्या थोरल्या लेकीची सुपारी फुटली, ते साल शहाण्णवचं. पाहुणे करमाडजवळच्या वस्तीवरून जेवून गेले, उष्टी ताटं अजून ओसरीवर तशीच पडली होती, आणि मुंजाबानं सगळ्यांदेखत बहिणीला बजावलं, "अक्का, ते गाणं क्याशेटमधून काढायचं! नायतर ह्या लग्नात तुझं तोंड मला दिसाया नगं!"

मंजुळानं हातातलं ताट खाली ठेवलं. आई गेल्यावर ज्याला कडेवर घेऊन वाढवलं, ज्याच्यापायी आलेली स्थळं परतवून लावली, त्या भावाच्या तोंडून हे शब्द!... पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

"बाकीची सात ठेव की," मुंजाबा जरा नरमला. "आबाच्या इभ्रतीचा सवाल हाय. लोक काय म्हनतील?"

"लोक लई वर्सं म्हनत आले. आता म्या म्हनते, त्यांनी ऐकावं."

लोक काय म्हणत आले होते? तिचा बाप सोनाजी, घरातल्यांचा आबा, मेंढरांना डाग द्यायचा, आणि आजारी लेकरांनाही. लांबलांबून माणसं त्याच्याकडं येत. मंजुळा आठ वर्षांची असताना तिच्या तान्ह्या भावाला, कडूबाला, डबा झाला. छाती घरघरू लागली, पोट उडू लागलं. सोनाजीनं चुलीत सळई लाल केली आणि लेकराचे पाय धरायला पोरीलाच बसवलं. डाग बसला आणि कडूबानं अशी किंकाळी फोडली, की तिच्या मुठी आपोआप सुटल्या... दुसऱ्या दिवशी लेकरू गेलं. सोनाजी चार माणसांत एवढंच बोलला, "पोरीनं पाय सोडले. डाग हुकला."

त्या एका वाक्याखाली एक अख्खं बालपण चिरडलं! बायका आपली लेकरं तिच्या हाती देईनात. खुद्द आई, बानाबाई, तिला जवळ ओढायची आणि मध्येच हात काढून घ्यायची. पोर मुकी झाली. पुढं औरंगाबादेत बालवाडीत कामाला लागली, परक्यांची लेकरं आपणहून मांडीवर येऊन बसू लागली, तेव्हा कुठं तिचा कंठ फुटला. गाणी तीच रचायची, चाली तीच लावायची. अशा आठ गाण्यांची ही तिची पहिलीच कॅसेट, आणि त्यातलं एक गाणं कडूबाच्या डागाचं.

क्रांती चौकामागं एका खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, बद्रीनाथ नावाचा माणूस आवाज भरून घ्यायचा. शेवटचं, तेच गाणं तेवढं उरलं होतं, आणि दार ढकलून मुंजाबा आत आला. मागं काठी टेकत सोनाजी.

"आबालाच आणलंय," मुंजाबा गुरगुरला. "असंल हिंमत तर गा त्यांच्या तोंडावर!"

सोनाजीनं लेकीच्या कानांवरच्या यंत्राकडं निरखून पाहिलं. "हे काय गं? बैलाला झापड बांधल्यावानी?"

बद्रीनाथला हसू आलं. मंजुळाला नाही. ती उभी राहिली, बापाच्या डोळ्यांत डोळे घातले आणि गायला लागली...

*तापली गं सळई चुलीच्या आगीत,*
*तान्ह्या माझ्या भावाचे पाय माझ्या मुठीत*
*सोडले मी पाय, त्यात माझी काय चूक?*
*आठ वर्षांच्या जीवाला माया ठावी एक!*

गाणं संपलं. सोनाजी खाली बघत होता. मुंजाबा पुटपुटला, "ऐकलं ना आबा? आता सांगा तिला."

"सांगतो." म्हाताऱ्यानं काठी आपटली. "मंजे, सळई काय आपल्या पायानं चुलीत गेली? हात कुणाचा व्हता, ते का गिळलंस?"

मंजुळानं कानांवरचं यंत्र उतरवलं. "तुमच्यासाठी, आबा..."

"माझ्यासाठी आठ वर्साची असताना बी गिळलंस. बास झालं आता! डाग हुकला नव्हता, पोरी. जिथं द्यायचा तिथंच दिला, अन् लेकरू मेलं. त्या दिसापासनं म्या सळई धरली नाय. पर खरं बोलाया तोंड व्हतं का मला? तुझ्या पाठीमागं लपलो... बाप असून लपलो!"

"आबा, लग्नघर हाय आपलं!" मुंजाबा कळवळला.

"तू गप. इभ्रत माझी हाय ना? मग ती म्या उधळीन!"

मंजुळाच्या अंतःकरणात कितीएक वर्षांचं काहीतरी कडाडून तुटलं. "मी माफ केलं, असं आज मला म्हनता यायचं नाय, आबा."

"नगं म्हनू. गा."

ती पुन्हा उभी राहिली. *तापवली गं सळई माझ्या बापाच्या हातानं...* या ओळीला आवाज फाटला. बद्रीनाथ म्हणाला, परत घेऊ या. "राहू द्या तसाच," ती म्हणाली. सोनाजी गोधडीच्या भिंतीला टेकून पोरासारखा हुंदके देत होता. मंजुळा जाऊन त्याच्याशेजारी बसली, आणि मग दोघंही रडली.

कॅसेट दिवाळीत निघाली. सोयरीक मोडली नाही. उलट वरमाई एक कॅसेट मागून घेऊन गेली. मुंजाबानं बहिणीला स्वतः येऊन लग्नाला नेलं. त्यानंतर वस्तीवर कुणीही आलं, की सोनाजी त्याला ते गाणं ऐकायला बसवायचा आणि म्हणायचा, "त्यो हात माझा."

सोनाजी सत्त्याण्णवच्या चैत्रात, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, वस्तीवरच वारला.