पूजेतला पाना

ही गोष्ट ऐकून काही जण हसतील. खुशाल हसा. पण हे ज्यांच्या बाबतीत घडलं ते माझे सख्खे चुलते, जोतीरामतात्या. देवाशपथ सांगतो, या माणसाला थापा मारायची सवय नाही. आयुष्यात ते एकदाच खोटं बोलले, आणि ही गोष्ट त्या खोट्याचीच आहे.

ठिकाण आष्टा. सांगलीच्या रस्त्याला लागून तात्यांचं गॅरेज. साल चौऱ्याहत्तर. दिवस खंडेनवमीचा.

आणि वेळ... रात्र नव्हे. भर दुपार.

पण आधी आदल्या वर्षीच्या खंडेनवमीचं सांगायला हवं. त्याशिवाय काही कळायचं नाही.

त्या दिवशी तात्यांनी सकाळीच हत्यारं धुऊन पुसून पाटावर मांडली होती. पाने, पकडी, हातोडी. वर हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजा मांडली की दसऱ्याच्या दिवशी ती उतरवेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ही त्यांच्या वडिलांची शिस्त. बाकी कशात नसले तरी तात्या त्या बाबतीत कडक होते.

दुपारी एक जीप कण्हत दारात येऊन थांबली.

लष्कराच्या लिलावात घेतलेली जुनी गाडी. चालवत होते नाथाजी सुभेदार, पेन्शनीत निघून शेती बघणारे. मागच्या बाकावर त्यांची बायको मनुबाई पोट धरून आडवी पडली होती. तिला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं होतं. आणि गाडीच्या मागं, रस्ताभर, तेलाची काळी रेघ.

तात्या खाली वाकले. इंजिनाला तेल पोचवणाऱ्या नळीचा नट ढिला झाला होता. बस्स, एवढंच. पाना लावून एक पिळा दिला की काम फत्ते.

पण पाने पूजेत होते.

"सुभेदार, पूजा मांडलीया. आज हत्यार उचलता येत न्हाई."

"आवं मिस्त्री, हितं माणूस मरतंय आन् तुमी पूजा काय सांगताय?"

तेवढ्यात मागून मनुबाईंचा आवाज आला. अगदी बारीक...

"ऱ्हाऊ द्या... माझ्यापायी पूजा मोडू नगा."

तात्यांना निसटायला वाट मिळाली. पण सुभेदार काही ऐकणारे नव्हते, त्यांचा चेहरा लाल झाला होता. वाद नको म्हणून तात्या बोलून गेले, "पाना लावून उपेग न्हाई हो. गळती आतनं हाय. इंजिन उतरावं लागंल. आता साबण लावून देतो, मिरजेपतूर जाईल गाडी."

कपड्याचा साबण मळून त्यांनी नटाभोवती थापला, वर चिंधी गुंडाळली, इंजिनात तेल ओतलं. इंजिन तापलं की साबण वितळून जातो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तरी हात जोडून त्यांनी गाडी वाटेला लावली.

जीप तुंगच्या पुढं बंद पडली.

सगळं तेल सांडून गेलं होतं. इंजिन जाम. सुभेदार रस्त्यात उभे राहून हात करत होते. बैलगाडी मिळेपर्यंत मनुबाईंनी कडेच्या उसाच्या सावलीत प्राण सोडला.

सुभेदारांनी तात्यांना एका शब्दानं बोल लावला नाही. उलट तेराव्याला त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमी तुमच्या परीनं केलं. गाडीच म्हातारी, त्याला कोण काय करणार?"

तो हात तात्यांना वर्षभर झोपू देईना. लीलाबाई, म्हणजे माझी काकू, विचारून विचारून थकली. उद्या जाऊन खरं सांगू, असं तात्या रोज ठरवायचे. आणि दुसऱ्या दिवशी पाय उचलायचा नाही. ज्या माणसानं आपले आभार मानले, त्याला कसं सांगणार?

मग चौऱ्याहत्तरची खंडेनवमी आली.

पूजा झाली. काकू दसऱ्यासाठी फुलं आणायला बाजारात गेली. तात्या एकटेच पाटासमोर बसले होते.

टप्...

त्यांनी मान वर केली.

टप्...

गॅरेजच्या मधोमध, झाडून काढलेल्या फरशीवर, तेलाचा एक थेंब पडला होता.

तिथं गाडी नव्हती. सणाचं म्हणून सगळ्या गाड्या सकाळीच बाहेर काढल्या होत्या.

तात्यांनी चिंधीनं थेंब पुसला. तेल गरम होतं... नुकत्याच बंद केलेल्या इंजिनातलं असतं तेवढं. वर बघितलं. पत्रा कोरडा ठाक.

टप्...

या वेळी त्यांनी थेंब पडताना बघितला. तो छपरातून आला नाही. गुडघ्याएवढ्या उंचीवर, नुसत्या हवेतून सुटला.

तात्या ओरडायला रस्त्याकडे वळले आणि तोंड उघडंच राहिलं.

रस्त्यावर कुणी नव्हतं. एसटी नाही, सायकल नाही. समोरच्या सायकल दुकानातला रेडिओ दिवसभर बोंबलत असायचा, तोही गप्प. सणाच्या दिवशी भर दुपारी आष्ट्याचा रस्ता असा कधी कुणी बघितला नसेल.

आणि पाठीमागून...

"ऱ्हाऊ द्या... पूजा मोडू नगा."

तोच बारीक आवाज. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तात्या नंतर मला म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "न्हाई वैनी, आता न्हाई ऱ्हाऊ देत," म्हणत त्यांनी पूजेतला पाना उचलला. फुलं विस्कटली, नारळ घरंगळला. तात्या फरशीवर उताणे झाले आणि जिथून थेंब सुटत होता तिथं, रिकाम्या हवेत, त्यांनी पाना नेला.

खट्...

पाना कशात तरी बसला.

त्यांनी एक पिळा दिला.

थेंब थांबला.

दुसऱ्याच क्षणी तोंडावर गरम वाफ आली. त्यांच्या अगदी वर एक इंजिन धडधडायला लागलं. मग तो आवाज त्यांच्या अंगावरून सरकत बाहेर गेला आणि रस्त्यानं लांब लांब होत विरला.

रेडिओ वाजत होता. एक एसटी धूळ उडवत गेली. फरशीवर तेलाचा डाग नव्हता.

काकू परत आली तर पूजा मोडलेली आणि नवरा जमिनीवर हुंदके देतोय.

दुसऱ्या दिवशी दसरा. तात्या आपट्याची पानं घेऊन सुभेदारांच्या गावाला गेले. सोनं द्यायचं, पाय धरायचे आणि सगळं कबूल करायचं, एवढं मनाशी पक्कं होतं. काल नट आवळला, त्यामुळं मन थोडं हलकं झालं होतं.

सुभेदार गोठ्याशेजारी उभे होते. तीच जीप तिथं वर्षभर धूळ खात पडली होती. बॉनेट उघडं होतं.

"या मिस्त्री," ते म्हणाले. आवाज कसातरीच होता. "काल दुपारी ही चालू झाली."

"कशी?"

"आपसूक. चावी माझ्या खिशात. जाम झाल्यालं इंजिन, आत तेलाचा थेंब न्हाई. घटकाभर धडधडलं आन् बंद पडलं. हितं बघा."

तात्यांनी वाकून बघितलं.

नळीचा नट घट्ट बसला होता. गंजलेल्या कडांवर पान्याची ताजी, चकचकीत खूण होती. आणि त्या खुणेवर... ओलं कुंकू.

"इंजिन उतरावं लागंल म्हणला हुता तुमी," सुभेदार हळू बोलले. त्यांची नजर नटावरून हलत नव्हती. "मला यातलं काय कळत न्हाई, म्हणून इचारतो. एवढंच हुतं व्हय?"

तात्यांना पाठ केलेलं एक वाक्यही आठवेना. त्यांनी नुसती होकाराची मान हलवली आणि आपट्याची पानं पुढं केली.

सुभेदारांनी सोनं घेतलं नाही. बॉनेट लावलं आणि घरात निघून गेले.

तात्या चालत आष्ट्याला आले. पानं त्यांच्या मुठीत तशीच होती.

जाम इंजिन कसं फिरलं, आष्ट्यात हवेत आवळलेला नट गोठ्याशेजारच्या गाडीवर कसा घट्ट झाला, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही. मला वेगळंच काहीतरी छळतं. मनुबाई चौऱ्याहत्तरच्या त्या दुपारी पाना उचलू नका म्हणत होत्या. पूजा मोडू नये म्हणून... की नवऱ्याला खरं कळू नये म्हणून?

एकदा धीर करून मी तात्यांना हे विचारलं. ते उठले आणि हात धुवायला मोरीत गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.