यादीतली सवत

बेरमेट मनाने वाईट नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. डोंगरातल्या आमच्या नारीन गावच्या शाळेत ती मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. कुबातशी लग्न होऊन तिला जेमतेम आठ महिने झाले होते. कुबात म्हणजे गावोगाव हिंडून म्हाताऱ्या गायकांची गाणी टिपून ठेवणारा माणूस. त्याची पहिली बायको चोल्पोन स्वतः गायची, कोमुझ हे तीन तारांचं वाद्य छेडायची आणि तीन वर्षांपूर्वी गेली. गेली म्हणायचं आपलं! घरात अजून तिचंच राज्य होतं.

त्या रविवारी न्याहारी आटोपल्यावर कुबातने एक काळी हार्ड डिस्क बेरमेटच्या पुढ्यात ठेवली.

"एवढी कॉम्प्युटरला जोडून दे गं. चालू केला की आपोआप उघडली पाहिजे. दर वेळी हाताने उघडत बसायचं मला जमत नाही."

"काय आहे हिच्यात?"

"चोल्पोनची गाणी. सगळी. दुसरीकडे कुठेच नाहीत."

"वा! म्हणजे आता रोज चहाच्या आधी तिचं दर्शन."

"असं काय बोलतेस, बेरमेट? मेलेल्या माणसावर जळतेस?"

"मी कशाला जळू? माझ्या काय पोटात दुखतंय?"

दुखत होतं हो, चांगलंच दुखत होतं. सवत जिवंत असती तर दोन शब्द सुनावता आले असते. मेलेलीशी भांडणार कसं? ती ना म्हातारी होत, ना तिच्या हातची रोटी कधी करपत.

कुबात लाकडं फोडायला अंगणात गेला. बाहेर गुडघाभर बर्फ होतं आणि दिवसाउजेडी खिडकी करडी पडली होती. बेरमेटने कॉम्प्युटरचा डबा उघडून डिस्क आत बसवली. त्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं आणि त्यात एक यादी असते, चालू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची याची. प्रत्येक डिस्कला एक लांबलचक क्रमांक असतो. तो यादीत लिहायचा, पुढे फोल्डरचं नाव लिहायचं, की झालं. डिस्क पुसून नव्याने आखली, म्हणजे फॉरमॅट केली, तर तो क्रमांक जातो आणि दुसरा येतो. आणि यादीतला क्रमांक सापडला नाही, तर कॉम्प्युटर दीड मिनिट वाट बघतो आणि रुसून बसतो. शाळेत मुलांची ही चूक तिने शंभरदा निस्तरली होती.

तिने ओळ लिहिली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. डिस्क आपोआप हजर! तिथेच उठायला हवं होतं तिने. पण राहवेना. तिने हेडफोन लावले आणि एक गाणं उघडलं.

गाणं खरोखरच गोड होतं. ते संपलं आणि त्या रेकॉर्डिंगमध्येच मागे कुबात हसला. असा मोकळा, पोटातून हसला! आठ महिन्यांत बेरमेटने ते हसू एकदाही ऐकलं नव्हतं. मग चोल्पोन लाडात म्हणाली, "पुरे आता, बंद करा ते."

बेरमेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने डिस्क पुसली आणि नव्याने आखून पार कोरी केली. यादीतली ओळ मात्र मुद्दाम तशीच ठेवली. तो क्रमांक आता जगात कुठेच नव्हता. कॉम्प्युटर कुबातच्या डोळ्यांदेखत अडेल, मग आपण म्हणू, जुनीच होती हो, बिघडली बिचारी.

खात्रीसाठी तिने एकदा चालू करून पाहिला.

तो अडला नाही. क्षणभरही थांबला नाही. चोल्पोनचं फोल्डर समोर उघडलं आणि त्यात एकच फाइल होती. वेळ आज सकाळी आठची, न्याहारीची.

हेडफोनमध्ये चुलीतला कोळसा तडतडला. कुबातचा आवाज आला, "चहात घालायला मीठ दे जरा."

"घ्या. पण चहा आधीच खारट झालाय, मग मला बोलू नका."

हे सकाळचं बेरमेटचं वाक्य होतं. शब्द न् शब्द तिचा. आवाज चोल्पोनचा.

बेरमेट खुर्ची मागे सारून उठली. तिने डबा उघडला, डिस्कची वायर ओढून काढली, डिस्क खिडकीत ठेवली आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू केला. फोल्डर उघडलं. आता फाइली दोन होत्या.

"वा! म्हणजे आता रोज चहाच्या आधी तिचं दर्शन," चोल्पोन म्हणत होती. बेरमेटचाच टोमणा, पण त्यात टोमणा नव्हताच. आणि त्यावर कुबात हसला, तेच मोकळं हसू. सकाळी तो हसला नव्हता हो! सकाळी त्याने कपाळाला आठ्या घातल्या होत्या...

तिने यादीतली ओळ खोडली. तेवढ्यात तिसरी फाइल आली. बघता बघता ती मोठी होत होती. म्हणजे आत्ता, या घडीला, कुणीतरी टिपत होतं...

"बेरमेट!" स्वयंपाकघरातून कुबातची हाक आली. तो कधी आत आला होता कोण जाणे. "झालं का गं?"

सगळं कबूल करायचं, पाय धरायचे, असं ठरवून तिने हेडफोन भिरकावले आणि तोंड उघडलं. आवाज फुटेना. घसा दाबला, खाकरली, ओठ हलवले. काही नाही.

"झालं की," चोल्पोन म्हणाली. हेडफोनमधून नव्हे, स्वयंपाकघरातून. "कधीच झालं. बसा, चहा ओतते."

आणि कुबात हसला.

बेरमेट धडपडत दारापर्यंत गेली. आत कुबात एकटाच बसला होता, रोटी मोडत होता, चेहऱ्यावर कसं समाधान. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या पियाल्यात अर्धाच चहा होता. आमच्याकडे जवळच्या माणसाला अर्धाच ओततात, म्हणजे तो पुन्हा मागतो, बसून राहतो. काठोकाठ भरून देतात ते पाहुण्याला, निघा आता असं तोंडाने म्हणायचं नसतं तेव्हा.

बेरमेटच्या जागेवरचा पियाला काठोकाठ भरलेला होता, आणि त्यातून वाफ निघत होती.