दाराकडे पाठ

अग्निशामक सिलिंडर चालवायला शिकवणं हे जगातलं सर्वांत कंटाळवाणं काम आहे आणि ते तसंच असावं, असं माझं मत आहे. सव्वीस वर्षं अग्निशमन दलात काढून मी निवृत्त झालो. आता एका छोट्या संस्थेतर्फे बुसानच्या कारखान्यांतून शिकवत फिरतो. गाडीत आठ लाल सिलिंडर असतात, त्यांत पावडरीऐवजी पाणी. शिवाय ज्वाळा रंगवलेला एक प्लास्टिकचा शंकू आणि खोटा धूर सोडणारं एक यंत्र. कामगार जेवून सुस्तावलेले असतात, हातात कागदी पेल्यातली गोड कॉफी असते. मी सांगतो, आधी ‘आग!’ म्हणून ओरडा. पिन ओढा, नळी धरा, दांडा दाबा, झाडू मारल्यासारखं डावीउजवीकडे फिरवा. आणि या सगळ्याच्या आधी, आगीकडे तोंड, दाराकडे पाठ. विझली नाही तर उलट्या पावली बाहेर पडता आलं पाहिजे.

हे शेवटचं दहात एखादा माणूस चुकतो. आग आणि दार यांच्या मधे उभं राहायचं सोडून पलीकडे जाऊन उभा राहतो. बाकीचे हसतात, तो ओशाळतो, पुन्हा चुकत नाही.

नोव्हेंबरात मला सासांग भागातला ब्योनसाहेबांचा कारखाना मिळाला. तिथे बुटांना तळवे चिकटवतात. माझी थोरली बहीण ऑक-बुन तिथे एकोणीस वर्षं डिंकाच्या टेबलावर होती. आमची आई लवकर गेली. मला शाळेत घातलं ताईने, आणि दलात भरती झालो तेव्हा माझा पहिला डबा भरून दिला तोही ताईनेच. बुटाचा डिंक किती लवकर पेटतो हे मला चांगलं माहीत होतं, म्हणून हा कारखाना मी मागून घेतला होता.

कारखाना दुसऱ्या मजल्यावर. एकच लांब दालन. पूर्वेला जिन्याचं दार आणि शेजारी मालाची लिफ्ट. खालच्या मजल्यावर खोकी बनवणारे. पश्चिमेला सलग काँक्रीटची भिंत, तिच्यापलीकडे काही नाही. म्हणजे खरंच काही नाही, खाली ओढा वाहतो. दालनात डिंकाचा तो गोडसर वास भरलेला, जो पहिली पाच मिनिटं डोक्यात जातो आणि मग जाणवत नाही.

मी शंकू दालनाच्या मधोमध ठेवला. पहिला आला मुकादम मा छांग-दॉक. जाडजूड, थट्टेखोर माणूस. ‘आग!’ म्हणून असा ओरडला की बायका हसल्या. मग सिलिंडर घेऊन शंकूला वळसा घालून पलीकडे गेला आणि पश्चिमेच्या भिंतीकडे पाठ करून उभा राहिला.

“मुकादम, दार कुठंय?” मी विचारलं.

त्याने न बघता अंगठा खांद्यावरून मागे दाखवला. मग मान वळवली आणि स्वतःच हसला. “अरेच्चा! तिकडं की. सर, एवढं जेवण झाल्यावर परीक्षा घेता का कुणी?”

दुसरी आली. तीही वळसा घालून भिंतीकडे पाठ करून उभी राहिली. तिसराही. चौथ्याला मी आधीच बजावलं. तो “हो हो” म्हणाला आणि त्याच जागी जाऊन उभा राहिला. सतराच्या सतरा जण तिथेच उभे राहिले. अकरा दिवसांपूर्वी व्हिएतनामहून आलेली थुई नावाची मुलगीसुद्धा. तिला भाषा धड येत नव्हती, बाकीच्यांचं बघून केलं म्हणावं तर मुकादमानंतर लगेच आलेली ती हीच होती, आणि मुकादम चुकला हे तिने नुकतंच पाहिलं होतं.

ताई शेवटी आली.

“ताई, तू तरी.”

“तू तरी काय? बरोबर तर उभी आहे.”

“दार तुझ्या समोर आहे. मधे आग आहे.”

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “आता एकोणीस वर्षं मी त्याच दारातून येते-जाते ना? आणि आज तू मला दार दाखवणार. शहाणाच आहेस.” सगळे हसले. मीही हसलो. पण तिचे पाय जागचे हलले नाहीत.

जेवणाची सुट्टी संपल्यावर मी ती भिंत पाहिली. दोन्ही बाजूंना लाकडी साच्यांच्या मांडण्या होत्या, मधे तीन फूट जागा मोकळी. कारखान्यात तीन फूट जागा कोणी मोकळी सोडत नाही. जमिनीचा हिरवा रंग त्या तीन फुटांत झिजून गेला होता, थेट भिंतीच्या कडेपर्यंत. मी हात लावून पाहिला, बोटांनी ठोकून पाहिलं. भरीव काँक्रीट. थंड.

“इथे पूर्वी दार होतं का?” मी ब्योनसाहेबांना विचारलं.

“सर, इमारत माझ्या वडिलांनी बांधली. तिथं दार ठेवलं असतं तर आमची निम्मी माणसं ओढ्यात गेली असती.” त्यांनी नकाशाही काढून दाखवला. भिंत म्हणजे भिंतच होती.

“मग ही जागा मोकळी का?”

“तिथं कुणी काही ठेवत नाही,” ते म्हणाले आणि फोन घ्यायला आत गेले.

मी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर सही केली नाही. दोन आठवड्यांनी परत गेलो. या वेळी धुराचं यंत्र लावलं. खोटा धूर छताशी जमतो, मग हळूहळू खाली उतरतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. इथे तो जमला नाही. छताखालून एकसारखा पट्टा होऊन पश्चिमेकडे सरकला, त्या मोकळ्या जागेशी खाली वळला आणि भिंतीशी जाऊन संपला. मी फट शोधली. बॅटरी लावून, गाल भिंतीला टेकवून शोधली. फट नव्हती. दहा मिनिटांत दालन स्वच्छ झालं आणि कामगार कॉफी पीत राहिले.

त्या दिवशी मी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवली. दाराच्या अलीकडे पावलांच्या दोन खुणा काढल्या. इथे उभं राहायचं, बस, डोकं चालवायचं नाही. पट्टीवर उभे राहिले तेव्हा सगळे अवघडलेले दिसले, कुणी तरी उलटे कपडे घालायला लावल्यासारखे. मी पाठ वळवली की एकेक जण हलकेच पलीकडे जायचा. थुई तर रडवेली झाली.

मी चिडलो होतो, हे कबूल करतो. यांत भिण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच की खरी आग लागली तर ही सतरा माणसं एका भिंतीकडे धावतील, भिंतीला टेकून मरतील आणि त्यांत माझी बहीण असेल.

बाकीच्यांचं नंतर बघू, म्हणून मी ताईचा पिच्छा पुरवला. रविवारी तिच्या घरी गेलो की स्वयंपाकघरात सातूच्या चहाची किटली मधे ठेवायचो, तिच्या हातात रिकामी बाटली द्यायचो आणि विचारायचो, दार कुठं? घरी ती एकदाही चुकली नाही.

“मग तिथं काय होतं तुला?”

ती मुळा चिरत होती. “तिथं त्या बाजूला पाठ केली ना, की पाठीला गार वारा लागतो. बरं वाटतं. आणि तुझ्या त्या पट्टीवर उभं राहिलं की पाठ भाजल्यासारखी होते.”

“जिन्याच्या दारात हीटर आहे, म्हणून.”

“हीटर डिसेंबरात लावला, ग्यु-सॉक. मी नोव्हेंबरातलं सांगतेय.”

“ताई, मी सव्वीस वर्षं जळकी माणसं उचललीयत. माझं ऐक. एवढंच ऐक.”

तिने सुरी खाली ठेवली. माझ्याकडे बघत राहिली, मी लहानपणी ताप अंगावर काढायचो तेव्हा बघायची तशी. “बरं,” ती म्हणाली. “तू म्हणतोस तर तसं.”

जानेवारीत तिसरं प्रशिक्षण झालं. ताई सरळ चालत जाऊन पिवळ्या पट्टीवर उभी राहिली, पाठ दाराकडे. तिच्या कपाळावर घाम होता. पण हलली नाही. बाकीच्यांपैकी काही उभे राहिले, काही नाही राहिले. मला पुरेसं होतं. मी सही केली.

एकोणीस फेब्रुवारीला दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी खालच्या मजल्यावर खोक्यांच्या गठ्ठ्याला आग लागली. लिफ्टच्या पोकळीतून ती वर आली आणि डिंकाच्या एका टेबलाने पेट घेतला. माझे जुने सहकारी नऊ मिनिटांत पोचले. तोवर जिना पेटलेला होता.

सोळा माणसं ओढ्याच्या काठावर उभी सापडली. इमारतीच्या मागे, पश्चिमेला. कपड्यांना काजळी नाही, अंगावर ओरखडा नाही. शिडी नव्हती. दोर नव्हता. दुसऱ्या मजल्याची ती भिंत जशीच्या तशी होती.

कसे उतरलात, असं पोलिसांनी प्रत्येकाला वेगळं विचारलं. सोळाही जण म्हणाले, दारातून. त्यांत काही विशेष आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. धक्क्याने असं होतं, असं अहवालात लिहिलं गेलं. ते सगळे आज ठणठणीत आहेत, दुसऱ्या कारखान्यात कामाला आहेत.

ताई जिन्याच्या दाराशी सापडली. पिन ओढलेली. सिलिंडर पूर्ण रिकामं. तिच्यासमोरचं टेबल तिने विझवलेलं होतं, अगदी व्यवस्थित.

जिन्यातला जाळ मागून आला होता.

आमच्या रिवाजाप्रमाणे इस्पितळाच्या तळघरातल्या शोकगृहात मी तीन दिवस बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ते सोळाही जण आले. उंबऱ्याशी बूट काढले, आत आले, तसबिरीसमोर दोनदा वाकले. मग जेवायला बसले. मी मुकादमाच्या समोर बसलो.

“तिला हाक मारली होती का हो?” मी विचारलं.

“मारली की. सगळ्यांनीच मारली.” मुकादम मान खाली घालून रस्स्यात भात कालवत होता. “ताई, इकडं ये, म्हटलं. दार हे इकडं आहे. तिनं बघितलं पण. आणि म्हणाली, नाही, माझ्या भावानं सांगितलंय.”

आयुष्यात प्रथमच मला माझ्या कामाची किळस आली.

त्याने माझ्या पेल्यात सोजूची दारू ओतली. “जिवाला लावून घेऊ नका, सर. आम्ही दार लावलेलं नाही. उघडंच ठेवलंय.”

“कुणासाठी?”

तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं होतं. थुईने माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात गार होता.

मी आणखी रस्सा आणायला उठलो. वाढपाची खिडकी शोकगृहाच्या दारातच आहे. मी तिथे दोन मिनिटं उभा होतो, दाराला टेकून. माझ्यासमोरून कोणी गेलं नाही.

वळलो तेव्हा खोली रिकामी होती.

भांडी अर्धी. बसायच्या उशा दबलेल्या. तसबिरीमागच्या भिंतीशी ठेवलेली शेवंतीची फुलं हलत होती.

बूट रात्रभर उंबऱ्याशी होते. न्यायला कोणी आलं नाही. सकाळी ताईला न्यायच्या आधी मी ते पिशवीत भरायला बसलो.

सतरा जोड होते.

शेवटचा बायकी होता, छोटा, करड्या कापडाचा. उजव्या टाचेला तिने स्वतः लावलेलं निळं ठिगळ होतं.

मी आत हात घातला. जोड अजून उबदार होता.