खडूच्या रेघेच्या वर

"ओलं पान टोकाला धरून उलटलंस की गेलं ते," ताई म्हणाली. "खालून तळहात घाल."

धाकट्या शेपटाने तळहात घातला. पान तरीही फाटलं. फाटलेला तुकडा त्याने त्याच पानावर ठेवला आणि वर कोरडा कागद दाबला.

सुट्टीचा बेत काही असा नव्हता. आत्या फिरत्या वाचनालयाची गाडी चालवायची. या सुट्टीत तिघांनी रोज तिच्याबरोबर गावोगाव जायचं, हे मागच्या सुट्टीतच ठरून गेलं होतं. कुणी कुठे बसायचं यावरून भांडणंसुद्धा आधीच उरकून झाली होती. ताई सगळ्यांत मोठी, म्हणून ती पुढे बसणार. मधला भाऊ पुस्तकं देण्याच्या खिडकीशी. घरात कुणी काहीही बोललं की तो उलटतपासणी सुरू करायचा, म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. आणि धाकटा, जो कायम या दोघांच्या मागे मागे असायचा, त्या शेपटाला मागच्या दाराजवळचं स्टूल मिळालं होतं. तेवढ्यावरही तो खूश होता.

प्रत्यक्षात मुलं आली तेव्हा आत्याच्या उजव्या मनगटाला पट्टी होती आणि घरभर ओली पुस्तकं होती. खुर्च्यांच्या पाठींवर, खिडकीत, पलंगावर, कपड्यांच्या दोरीवर, सगळीकडे ती पंख्यासारखी उघडून ठेवलेली. घराला ओल्या पुठ्ठ्याचा वास येत होता.

झालं होतं ते असं. गुरुवारी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, कालव्याच्या रस्त्याने परत येताना गाडी रस्ता सोडून कडेच्या चरात कलंडली. चरात पाणी होतं. आत्याला फारसं लागलं नाही. लागलं ते पुस्तकांना.

समोरून पांढरा उजेड आला, एवढंच आत्या सांगायची. त्यात रस्ताच नाहीसा झाला, म्हणायची. पण दूध घालणाऱ्या बाईंपासून शेजारच्या शिंप्यापर्यंत जो तो हळहळून एकच सांगत होता, की दिवसभर गाडी हाकायची म्हणजे थकवा येणारच, लागला असेल डोळा बिचारीचा. सोमवारी वाचनालयाच्या समितीची बैठक होती. गाडी दुसऱ्या कुणाकडे द्यायची आणि आत्याला तळघरात पुस्तकांवर चिठ्ठ्या चिकटवायला बसवायचं, असं जवळजवळ नक्की झालं होतं.

आत्या यावर चिडली असती तर मुलांना बरं वाटलं असतं. पण ती चिडत नव्हती आणि रडतही नव्हती. जेवायला बोलावलं की जेवायची, पान पुढे सरकवलं की उलटायची. शेपटाने तिला मुद्दाम एक भलतंच सोपं कोडं घातलं, तर उत्तर न देता ती "छान आहे" म्हणाली. एरवी तिने उलट त्यालाच कोड्यात अडकवून रडकुंडीला आणलं असतं. मग मुलंही हळूहळू तशीच झाली. कुणी हसेना, कुणी भांडेना. कापसात गुंडाळून ठेवल्यासारखी सगळी घरात वावरत होती.

शनिवारी सकाळी ग्रंथपाल आपल्या जुन्या मोटारीतून आले. टीपकागदाचा मोठा गठ्ठा त्यांनी काखेत धरून आणला होता. माणूस अगदी मापातला. चपला काढल्या तर त्याही एकमेकींना समांतर. वाचनालयात शिंक आली तरी ते रुमालात असे शिंकत, की शेजारचा वाचक मान वर करत नसे. त्यांनी आत्याच्या मनगटाची चौकशी केली, पुस्तकं बघितली, ताईने टीपकागद बरोबर घातले आहेत असं सांगितलं. आणि मग उगाचच दोरीवरचा एक चिमटा नीट करत बोलायला लागले.

"तुमच्यावर माझा विश्वास नाही असं नाही. पण त्या वेळी मी त्याच रस्त्यावर होतो. दर गुरुवारी फाटकी पुस्तकं बांधणीवाल्याकडे न्यायची असतात ना. असला उजेड पाडणारी गाडी असती, तर मला ती भेटायला नको का? मला भेटली ती फक्त तुमची गाडी, आणि तीही मी पुढे निघून गेल्यावर चरात गेली." ते थांबले. "आणि तुम्ही मला बघून नेहमी हात करता. त्या दिवशी मी केला, तुम्ही केला नाहीत. तेव्हाच मनात आलं, ह्या पेंगल्यात बहुतेक."

आत्याने समोरच्या पुस्तकाचं एक पान उलटलं.

"असेल," ती म्हणाली. "लागला असेल डोळा. मला आता नक्की आठवत नाही."

तिघांचे हात एकदम थांबले. राग यायला हवा होता, असं ताईला वाटलं. तसं काहीच झालं नाही. फक्त ओलं पान हातात राहिलं.

ग्रंथपाल गेल्यावर तिघं मागच्या पायरीवर जाऊन बसली. आत्या स्वतःच असं म्हणायला लागली, म्हणजे आता सोमवारपर्यंत थांबण्यातही काही अर्थ उरला नव्हता. वकिलाने दोन बोटं पुढे धरली.

"आत्याला एकच गाडी भेटली, उजेडवाली," तो सावकाश म्हणाला. "ग्रंथपालांना एकच गाडी भेटली, आत्याची. मग तिसरी आली कुठून?"

ताईने त्याला गप्प बसवलं. तो माणूस समोरून सायकल आली तरी लाइट डिम करतो, आत्यानेच सांगितलं होतं. आणि गाडीही त्यांच्या वडिलांच्या वेळची. तिचे दिवे म्हणजे दोन मिणमिणत्या पणत्या.

"नाहीयेत पणत्या," शेपूट म्हणाला. "गाडी म्हातारी आहे, पण डोळे नवीन बसवलेत. काचेच्या आत नवे बल्ब आहेत. मी मघाशी बघितले."

दोघांनी त्याच्याकडे बघितलं. मागे राहणाऱ्या माणसाला पुष्कळ गोष्टी दिसतात, हे त्यांच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

वाळलेली पुस्तकं पोचवायचं निमित्त होतंच. संध्याकाळी तिघांनी ती हातगाडीवर रचली आणि वाचनालयात नेली. अंगणात, फाटकाजवळ, आत्याची गाडी ओढून आणून उभी केली होती. तिचं तोंड आतल्या बाजूला होतं आणि डाव्या अंगाला मोठा पोचा आला होता. तिकडे बघायचं नाही, असं तिघांनी न बोलता ठरवलं. पलीकडच्या शेडमध्ये ग्रंथपालांची जुनी हिरवी मोटार भिंतीकडे तोंड करून उभी होती.

वकिलाने नव्या दिव्यांचा विषय काढला, तसे ग्रंथपाल खुलले. जुन्या बल्बचा उजेड फारच पिवळट आणि अपुरा पडायचा, डोळे ताणून ताणून डोकं दुखायचं. म्हणून स्पेअर पार्टच्या दुकानातून त्यांनी जास्त ताकदीचे पांढरे बल्ब आणले होते आणि स्वतःच बसवले होते. दुकानदार म्हणाला होता, बसवा आणि चालवा. पण ते तसे चालवणारे नव्हते. त्यांनी वाहनांच्या देखभालीचं पुस्तक काढलं, पुस्तकात सांगितलेल्या अंतरावर गाडी उभी केली, भिंतीवर खडूने आडवी रेघ मारली आणि उजेड त्या रेघेच्या खाली येईपर्यंत दिव्यांचे स्क्रू पिळले. बोलता बोलता त्यांनी गाडीतली खुंटी ओढून दिवे लावून दाखवले.

पांढराशुभ्र उजेड भिंतीवर पडला. त्याची वरची कड खडूच्या रेघेच्या खाली होती. कुणी पट्टी लावून बघितलं असतं तरी तिथे खोट निघाली नसती.

एका सज्जन माणसावर आपण संशय घेतला आणि तोही चुकीचा निघाला, असं वाटून वकिलाचे कान गरम झाले. ताई म्हणाली, की चला घरी जाऊ, आत्या एकटी आहे.

पण ग्रंथपालांना मदत हवी होती. जी पुस्तकं घरी सुधारण्यासारखी नव्हती, ती खोक्यांत भरून तयार होती आणि बांधणीवाला आज उशिरापर्यंत थांबणार होता. शेडमधला दिवा गेलेला होता, म्हणून मोटारीचे दिवे तसेच चालू ठेवून सगळे खोकी उचलायला लागले. पुस्तकांचं खोकं म्हणजे काय असतं ते उचलणाऱ्यालाच कळतं. त्यात ही ओली पुस्तकं. वकील आणि ताई एकेक खोकं दोघांत धरून डिकीपर्यंत नेत होती. शेपटाने पुढे भिंतीपाशी उभं राहून खोकी सरकवून द्यायची होती.

दोनेक खोकी गेली आणि त्याचं सरकवणं थांबलं.

"अरे, दे की," वकील ओरडला. "झोपलास का?"

शेपूट भिंतीकडे बघत होता. "ताई," तो म्हणाला, "उजेड वर आलाय."

दोघं पुढे आली. खडूची रेघ आता उजेडात बुडली होती. ताईने आणि वकिलाने पुढचं खोकं उचललं. ते डिकीत ठेवताना गाडीचा मागचा भाग कण्हल्यासारखा आवाज करून खाली बसला, आणि भिंतीवरची पांढरी कड रेघेच्या आणखी वर सरकली. शेवटचं खोकं गेलं तेव्हा ती शेपटाच्या तोंडावर होती आणि त्याने डोळे घट्ट मिटून घेतले होते.

वकिलाच्या डोक्यात सगळं एका ओळीत उभं राहिलं. गाडी म्हातारी, मागच्या स्प्रिंगा ढिल्या. मागे वजन पडलं की शेपटी खाली आणि नाक वर. पूर्वीही दर गुरुवारी असंच होत असणार, पण त्या पिवळट उजेडाचा कुणाला त्रास होत नव्हता. आता नाकाबरोबर हे नवे दिवे वर उचलले जात होते. लाइट डिम केले तरी ते सरळ समोरच्याच्या डोळ्यांत. ग्रंथपालांनी सगळं पुस्तकाबरहुकूम केलं होतं, फक्त मोटार रिकामी असताना.

ते मात्र डिकीला दोरी बांधण्यात गुंतले होते. त्यांनी भिंतीकडे बघितलंच नव्हतं.

"सांगूया?" ताईने हळूच विचारलं.

"सांगून नाही पटायचं," वकील म्हणाला. "ते रेघ दाखवतील."

ग्रंथपालांनी मोटार मागे घेऊन अंगणात वळवली, फाटकाकडे तोंड करून उभी केली, दिवे बंद केले आणि शेडला कुलूप लावायला उतरले. बाहेर अंधारून आलं होतं. वकील त्यांच्याजवळ गेला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, की आत्याच्या गाडीचा आरसा वाकडा झालाय असं वाटतं, तुम्ही एकदा तिच्या सीटवर बसून बघाल का. वाकडं काही असलं की ग्रंथपालांना ते राहवत नसे. ते चढून बसले. आरसा त्यांनी बोटाने थोडा इकडे, थोडा तिकडे केला.

शेपूट हिरव्या मोटारीच्या पुढच्या चाकापाशी जाऊन उभा राहिला. ताईने उघड्या दारातून हात आत घातला आणि खुंटी ओढली.

ग्रंथपालांचे दोन्ही हात तोंडापुढे गेले. त्यांनी मान वळवली, पुन्हा समोर बघायचा प्रयत्न केला, पुन्हा वळवली. "बंद करा आधी," ते म्हणाले. "कोण आहे तिथे? काही दिसत नाहीये मला."

ताईने दिवे बंद केले. अंगणात जास्तच अंधार झाला.

"काका," वकील म्हणाला, "शेपूट तुम्हाला हात करत होता. तुम्ही केला नाहीत."

"कुठे होता तो?"

"मोटारीच्या शेजारी. मघापासून हलवतोय."

आत्याच्या सीटवर ग्रंथपाल तसेच बसून राहिले, स्टिअरिंगवर हात ठेवून. नीट केलेला आरसा त्यांच्या कोपराने पुन्हा वाकडा झाला होता आणि त्यांनी तो सरळ केला नाही. बऱ्याच वेळाने ते उतरले, स्वतः मोटारीपाशी जाऊन वाकून दिव्यांकडे बघितलं, मग मागे जाऊन दबलेल्या चाकांकडे. बांधणीवाल्याकडे ते त्या रात्री गेलेच नाहीत. मुलांबरोबर चालत आत्याच्या घरी आले.

दारातच त्यांनी सांगायला सुरुवात केली. आढेवेढे घेतले नाहीत, स्वतःची बाजू मांडली नाही. तो उजेड माझा होता, म्हणाले. सोमवारी समितीला मीच हे सांगणार आहे आणि गाडी तुमचीच राहील. जुने बल्ब उद्या सकाळी परत बसतील.

आत्या ऐकत होती, पण तिचा चेहरा हलला नाही. मुलांना वाटलं, तिला कळलंच नाही.

"म्हणजे मी जागी होते?" तिने विचारलं.

"पूर्ण जाग्या होतात. काहीही दिसत नसताना तुम्ही गाडी चरात घातलीत. दुसऱ्या बाजूला कालवा आहे. दुसरं कुणी असतं तर..." ते मुलांकडे वळले. "माझ्या वाचनालयात इतकी वर्षं इतकी पुस्तकं आहेत. पण भिंतीकडे बघायला मला या तिघांनी शिकवलं. शाबास, बाळांनो."

एरवी शेपूट या शब्दावर दोन दिवस फुगून फिरला असता. आता त्याने नुसती मान हलवली. तिघंही आत्याकडे बघत होती.

"परत सांगा," आत्या म्हणाली.

ग्रंथपालांनी परत सांगितलं. पहिल्यापासून, खोक्यांसकट.

ते गेल्यावर आत्या आरामखुर्चीत बसली. खुर्चीच्या पाठीवरचं पुस्तकही तिने उचललं नाही. त्या गुरुवारपासून रात्रभर टक्क जागी असते, असं ती सहज बोलावं तसं बोलली. डोळे मिटायची भीती वाटायची. आपले डोळे आपल्याला न सांगता मिटतात की काय, असं वाटायचं. मग ती आणखी काही म्हणाली, पण ते अर्धवटच राहिलं. मान एका बाजूला कलली, तोंड थोडं उघडं पडलं आणि ती चक्क घोरायला लागली.

कुणी तिला जेवायला उठवलं नाही. ताईने तिच्या अंगावर शाल घातली. तिघं जमिनीवर बसून पानं उलटत राहिली, खालून तळहात घालून, आवाज न करता.

थोड्या वेळाने शेजारचा शिंपी डोकावला. आत्या कशी आहे, म्हणून विचारायला आला होता.

शेपूट दारात गेला आणि त्याने तोंडावर बोट ठेवलं.

"झोपलीय," त्याने सांगितलं.

आणि दार हळूच लोटून घेतलं.