कवंदीचं पोट

माझी माय, दुमगीन, कवंद्या म्हणजे चिंध्यांच्या गोधड्या शिवायची त्या घरच्यांसाठीच. शहरातून संस्थेच्या बाया गाडी करून यायच्या, अमुक रंगाची द्या, तमुक मापाची द्या म्हणायच्या. माय त्यांना चहा पाजून वाटेला लावायची. "ज्याला मी कधी न्हाऊ घातलं नाही, त्याला पांघरूण काय घालू?" असं तिचं म्हणणं. दुपारची भांडी झाली की ती ओसरीवर पाय पसरून बसायची, शेजारी चिंध्यांचं गाठोडं आणि पुढ्यात अंथरलेलं जुनं लुगडं. आम्हा सिद्द्यांच्या बायका कवंदी कडेपासून शिवत येतात. काठावरून सुरुवात करायची आणि तुकड्याला तुकडा जोडत चारी बाजूंनी गोल गोल आत जायचं. कोपऱ्यांवर तिकोनी घडीची फुलं लावायची. शेवटी मधोमध वीतभर जागा उरते, तिला पोट म्हणतात. ते बंद करण्याआधी त्यात मूठभर तांदूळ घालतात. उपाशी कवंदी आमच्यात कुणी घरात ठेवत नाही.

हे तांदूळ मला कधीच पटले नाहीत. मी कार्लीन, वाडीतल्या अंगणवाडीत सव्वीस वर्षं टीचर आहे. तांदळाच्या वासाने उंदीर कवंद्या कुरतडतात, हे मी पाहिलंय. एका पोराच्या पायाचा अंगठा कुरतडलेलाही पाहिलाय. त्यामुळे बाळंतिणीच्या घरी गेले की माझी दोन व्याख्यानं ठरलेली. एक म्हणजे पहिल्या तासात बाळाला आईचंच दूध द्या, मध नको, गुळाचं पाणी नको. पहिल्यांदा तोंडाला लागतं त्याचीच चटक लागते. दुसरं म्हणजे बाळाच्या कवंदीत तांदूळ नकोत. पहिलं बायका ऐकायच्या आणि दुसऱ्याला तोंडावर पदर धरून हसायच्या.

माझ्या मुलीची, सलीनची, दोन बाळं पोटातच गेली. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मायने डोळ्यांत मोतीबिंदू असताना, नुसत्या हाताच्या अंदाजाने पणतवंडाची कवंदी शिवायला घेतली. जावई इनासचा शर्ट, सलीनचा शाळेतला स्कर्ट, माझी अंगणवाडीची साडी, माझ्या गेलेल्या नवऱ्याची लुंगी, सगळं त्यात आलं. ऑगस्टच्या अखेरीला मुलगा झाला. दोन किलो नऊशे. नाव बावतीस, लाडाचं बावू. माय तोवर शिवत शिवत कवंदीच्या पोटापर्यंत आली होती, पण तिची बोटं सुजली.

"एवढं तू कर गं," ती म्हणाली आणि तिने पुडीत तांदूळ बांधून दिले.

मोंती सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे मारियामातेच्या सणाला, आठ सप्टेंबरला, मी पोट बंद केलं. तांदूळ कोंबड्यांना टाकले.

"घातलेस?"

"घातले, माय."

म्हाताऱ्या माणसाशी एवढं खोटं चालतं असं मला वाटत होतं.

दर आठ तारखेला मी वाडीतली पोरं तोलते. झोळीचा काटा आढ्याला टांगायचा आणि गार हवेत तान्ह्याला उघडं न करता पांघरुणासकट तोलायचं, मग पांघरुणाचं वजन वजा करायचं. बावूची कवंदी मी शिवून झाल्या झाल्या तोलून ठेवली होती. सातशे ग्रॅम. ऑक्टोबरात दोघं मिळून चार किलो सहाशे भरले, नोव्हेंबरात पाच किलो सहाशे. सातशे वजा करून मी बावूच्या वाढीच्या कार्डावर ठिपके दिले. दोन्ही हिरव्या पट्ट्यात.

"टीचर, नातू असा काडीसारखा कसा गं?" शेजारची रोजीन म्हणाली. "वाडीतली पोरं तुझ्या काट्याच्या धाकाने फुगतात, आणि घरच्यालाच धाक नाही होय?"

"उंच होणार तो. बापावर गेलाय." मी कार्ड तिच्या नाकासमोर धरलं. "काटा खोटं बोलत नाही."

सलीनही विचारायची, "मम्मी, हा एवढं पितो ते जातं कुठे?" तिलाही मी कार्ड दाखवलं. पोर माझ्याही नजरेला बारीक दिसायचं, हे आज कबूल करते. पण ठिपके हिरव्यात होते आणि मला माझ्या ठिपक्यांचा फार अभिमान होता.

त्याच दिवसांत माय एकदा बावूजवळ बसली होती. कवंदीवरून हात फिरवता फिरवता मधोमध थांबली आणि खूश झाली.

"शहाणी गं माझी लेक. हात आखडला नाहीस. कसं टम्म झालंय पोट!"

डोळ्यांमागोमाग म्हातारीची बोटंही गेली, असं वाटून मला वाईट वाटलं.

आठ डिसेंबरला दुपारी ऊन कडक होतं. नेमकी बावूने कवंदी ओली केली, म्हणून मी त्याला पहिल्यांदाच नुसता झोळीत घातला.

दोन किलो सहाशे.

काट्यावर टिचकी मारली. मिठाची किलोची पिशवी लावून पाहिली, बरोबर एक किलो. पुन्हा बावूला घातलं. दोन सहाशे. मग कवंदी धुऊन दगडावर टाकली, दोन्ही बाजूंनी खडखडीत वाळवली आणि चार वाजता झोळीत ठेवली.

चार किलो.

रोज उचलणाऱ्या हाताला वाढ कळत नाही, पोराची असो की कशाची. मी लिहीत होते ती वाढ खरीच होती, फक्त ती कुणाची हे मी चुकले होते.

त्याच संध्याकाळी बावूला मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नऊ दिवस ठेवलं, रक्त तपासलं, फोटो काढले. डॉक्टरीणबाई भली होती, रोज दोनदा यायची. बावू हावऱ्यासारखा पीत होता. उलटी नाही, जुलाब नाही. "रोग सापडत नाही हो, टीचर," ती म्हणाली आणि तिचेच डोळे भरून आले. घरी आणला तेव्हा तो दोन किलो चारशे होता.

कवंदी मी जाताना अंगणवाडीच्या पत्र्याच्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवली होती. काढली, तोलली. चार किलो तीनशे.

तेव्हा मी घाबरले. कात्री घेतली आणि पोट उसवलं. आत काही नव्हतं. लुगड्याची उलटी बाजू दिसली आणि हाताला ती ऊबदार लागली. दोन मुठी तांदूळ घातले आणि टाक्याला टाका लावून शिवलं.

सकाळी तांदूळ कवंदीखाली जमिनीवर पडले होते. टाके जसेच्या तसे. दाणे बुळबुळीत झाले होते आणि त्यांना आंबूस वास होता, तान्हं पोर दूध ओकतं त्याला येतो तसा. कोंबड्यांनी चोच लावली नाही.

मी मायपाशी जाऊन बसले.

"माय, मी तेव्हा तांदूळ घातले नव्हते."

तिचे हात मांडीवर निजल्यासारखे झाले.

"मग काय घातलंस?"

"काही नाही."

"आता तांदूळ नाही धरायचं ते. वाडीभर सांगत फिरतेस ना तूच? पहिल्यांदा तोंडाला लागतं त्याचीच चटक."

"जाळून टाकते मी."

"जाळ की," माय म्हणाली. "पोराचं सगळं त्यात आहे. जाळ."

मी जाळली नाही.

नाताळच्या चार दिवस आधी बावू गेला. दूध पिता पिताच गेला. मीच तोललं त्याला, कुणी सांगितलं नव्हतं तरी. दोन किलो दोनशे. पेटी इनासने एका हातावर नेली.

कवंदी पेटीत ठेवू, असं रोजीन म्हणाली. सलीनने ती छातीशी धरली आणि सोडली नाही.

"मम्मी, तुम्ही दोन किलोच पुरलंत," ती मला म्हणाली. "बाकीचा माझ्यापाशी आहे."

पोर गेल्यावर पंधरा-वीस दिवसांत दूध आटतं. सलीनचं आटलं नाही. ती दुपारभर ओसरीवर बसायची, मांडीवर कवंदी, आणि मधला तुकडा ओला असायचा. जानेवारीत कवंदी पाच किलो भरली, फेब्रुवारीत पाच सहाशे. सलीन बावन्न किलोची होती ती त्रेचाळीसवर आली. गळ्याची हाडं वर आली. इनास तिला आठ दिवस मडगावला घेऊन गेला, कवंदी इथेच ठेवून. तिथून ती आणखी वाळून आली.

कवंदीच्या वजनांसाठी मी नवं कार्ड उघडलं होतं. का, ते विचारू नका. सव्वीस वर्षांची सवय आहे. नावाची जागा रिकामी ठेवली होती. फेब्रुवारीत ठिपका द्यायला कार्ड काढलं तर तिथे सलीनच्या अक्षरात 'बावतीस' लिहिलेलं होतं. ठिपके हिरव्या पट्ट्यात होते.

नातवंड माझ्या शहाणपणाने गेलं. आता लेकही डोळ्यांदेखत चालली होती, आणि मला एकच काम येतं.

पोट बंद केल्याला आठ मार्चला सहा महिने पूर्ण झाले. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, वरचं सुरू करायचं, हे मी प्रत्येक आईला सांगते. आधी मऊ भाताची पेज, मीठ न घालता, दोन चमचे.

सलीनला आंघोळीला पाठवलं. पेज केली, घोटली, निववली. पोटाचे दोन टाके उसवले. अंगणवाडीतला प्लास्टिकचा छोटा चमचा घेतला आणि पुसायला फडकं हाताशी ठेवलं.

कोपऱ्यातून मायने विचारलं, "ओकलं?"

मी थांबून पाहिलं.

"नाही, माय."

त्याच आठवड्यात सलीनचं दूध आटलं. आता ती जेवते, झोपते. दोन किलो भरली परत. देवाचे उपकार, असं मी म्हणते आणि म्हणताना माझीच जीभ अडखळते.

पेज दिवसातून दोनदा करते. दोन चमच्यांची अर्धी वाटी झाली, अर्धीची एक.

काल चमचा धुताना त्याच्या कडेवर बारीक ओरखडा लागला. नखाने चाचपून पाहिला. कार्डाच्या मागे पहिला दात कधी आला त्याची एक ओळ असते. तिथे मी तारीख लिहिली.